दोन पॅनेलचे ९९ व्होल्ट, कंट्रोलरची मर्यादा १००: बसतंय का?

राधानगरी तालुक्यातून एका शेतकऱ्यानं विचारलंय. शेतावर घर आणि गोठा आहे. चार-पाच दिवे, दोन पंखे आणि एक लहान फ्रीज एवढा भार. पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, म्हणून त्यांनी कोल्हापुरातून ५४० वॅटची तीन पॅनेल, २४ व्होल्टची बॅटरी बँक आणि १०० व्होल्ट-५० अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला हवी तशी करून देणारा डबा) असा संच नेलाय. पॅनेलच्या मागच्या लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज (व्हीओसी), म्हणजे काहीच न जोडता पॅनेलच्या टोकांना येणारं व्होल्टेज, ४९.५ व्होल्ट छापलंय. दुकानदार म्हणाला, "दोन सिरीजमध्ये घाला, ९९ होतंय, लिमिट १०० आहे, बसतंय." गावच्या वायरमनला हे पटेना. आणि तिसऱ्या पॅनेलचं काय करायचं हे दोघांनाही सांगता आलेलं नाही.

दादा, तुमच्या वायरमनचं ऐका. दोन पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागं एक अशी, करून या कंट्रोलरला जोडू नका. तिन्ही पॅरललमध्ये, म्हणजे धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडून, घाला, पण त्यासाठी केबल आणि फ्यूजची वेगळी तयारी लागेल. ती खाली सांगतो. आधी ९९ का बसत नाही ते बघू, कारण हेच गणित उद्या तुम्ही कंट्रोलर बदललात तरी कामाला येणार आहे.

लेबलवरचे आकडे कारखान्यात एका ठरावीक परिस्थितीत मोजलेले असतात: दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. हे तापमान हवेचं नव्हे, काचेखालच्या सिलिकॉनचं. सेल २५ पेक्षा थंड झाला की व्होल्टेज वाढतं, तापला की घटतं. थंडीत सिलिकॉनच्या आतल्या आत होणारी गळती कमी होते, म्हणून टोकांना जास्त व्होल्टेज मिळतं. किती वाढेल तेही डेटाशीटवर (कंपनीच्या माहितीपत्रकावर) असतं, व्हीओसीचा टेंपरेचर कोएफिशंट या नावानं. मोनो पर्क (सिलिकॉन सेलचा एक प्रकार) पॅनेलला तो साधारण उणे ०.२७ ते उणे ०.३० टक्के दर अंशाला, जुन्या पॉली पॅनेलला उणे ०.३१-०.३३ च्या आसपास. तुमच्या पॅनेलचा उणे ०.२८ धरू.

आता थंडी किती धरायची? कोल्हापूर शहरात जानेवारीत पहाटेचं तापमान सरासरीनं १४-१५ अंशांच्या घरात असतं, एखाद्या कडक थंडीत त्याहून बरंच खाली जातं. राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड या पट्ट्यात डोंगराच्या कुशीतल्या वस्त्यांवर थंडी आणखी जास्त, आणि निरभ्र रात्री पॅनेलची काच आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही एक-दोन अंश थंड होते. पहाटे पॅनेलवर दव साचलेलं दिसतं ते याचमुळे. जिल्ह्यातल्या कामाला मी ५ अंश धरून चालतो. इतकं खाली दरवर्षी जाईलच असं नाही. पण पॅनेल पंचवीस वर्षं छपरावर राहणार आहेत, आणि कंट्रोलर जळायला एकच सकाळ पुरते.

२५ वजा ५, म्हणजे २० अंशांचा फरक. २० गुणिले ०.२८ म्हणजे ५.६ टक्के. ४९.५ चे झाले ५२.३. दोन पॅनेलचे १०४.५. कंट्रोलरची मर्यादा १००. इथंच विषय संपतो, पण अजून एक गोष्ट आहे. बऱ्याच डेटाशीटच्या तळाला बारीक अक्षरात व्हीओसीची सहनशीलता अधिक-उणे ३ टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे लेबलवर ४९.५ असलं तरी तुमच्या हातातलं पॅनेल ५१ व्होल्टचं निघू शकतं, आणि कंपनी त्याला दोष मानणार नाही. तसं झालं तर थंडीची गरजच नाही, ऐन २५ अंशालाही दोन पॅनेल १०२ देतील.

डेटाशीट हाताशी नसेल तर अमेरिकेच्या विद्युत संहितेत एक सरळ तक्ता आहे, तो मला सोयीचा वाटतो. सर्वांत कमी तापमान १० ते १४ अंश असेल तर व्हीओसीला १.०६ नं गुणायचं, ५ ते ९ असेल तर १.०८ नं, ० ते ४ असेल तर १.१० नं. हा तक्ता थोडा सावध बाजूला झुकलेला आहे. ९९ गुणिले १.०८ केलं की १०७ येतात.

इथं कुणीतरी म्हणणार, "आमच्या पाहुण्यांकडं दोन वर्षं असंच जोडलंय, काही झालं नाही." खरं असेल. त्याचं कारणही सांगतो. पहाटे पॅनेल थंड असतं, पण तेव्हा ऊनही कोवळं असतं, आणि मंद उन्हात व्हीओसी पूर्ण येत नाही. ऊन एक दशांशावर असेल तर एवढ्या मोठ्या पॅनेलचं व्होल्टेज चार-साडेचार व्होल्टनं कमी असतं. ऊन चढतं तसा सेलही तापतो. त्यामुळे सपाट माळावर, पूर्वेकडं काही आडवं नसेल, तर थंडी आणि कडक ऊन यांची गाठ क्वचितच पडते.

तुमच्याकडं मात्र ती पडू शकते. भोगावतीच्या खोऱ्यात पूर्वेला डोंगर असलेल्या वस्त्या बघा. तिथं सूर्य उगवून तासभर झाला तरी छपरावर सावलीच असते, आणि मग कड्यावरून एकदम चढलेलं ऊन येतं. पॅनेल अजून १४-१५ अंशांवर, ऊन मात्र निम्म्याहून जास्त. अशा वेळी दोन पॅनेलचं व्होल्टेज हिशोबानं १०० च्या अगदी आसपास येतं. थंड वारा असेल, पॅनेल दोन टक्के जास्त व्होल्टेजचं निघालेलं असेल, तर पलीकडं गेलंच. दुसरी वेळ पावसाळ्यातली. सर येऊन काच धुऊन गार झाली, आणि ढग फाटून अचानक ऊन पडलं. ढगाच्या कडेवरून परावर्तित होणारा प्रकाश मिळून काही क्षण ऊन १००० वॅटच्याही वर जातं. पाहुण्यांचा कंट्रोलर दोन वर्षं टिकला, एवढ्यावरून तो आकडा सुरक्षित ठरत नाही.

लोक एक गोष्ट हमखास गल्लत करतात, ती इथंच मिटवतो. कंट्रोलरवर दोन आकडे असतात, तुमच्यावर १०० आणि ५० आहेत. दोन्ही मर्यादाच, पण त्यांचा स्वभाव वेगळा. ५० अँपिअर हा बॅटरीला जाणारा करंट. पॅनेल जास्त वॅटची असली तरी कंट्रोलर ५० च्या वर देत नाही, उरलेलं सोडून देतो. १०० व्होल्टचं तसं नाही. उसाच्या ट्रॉलीत चार मोळ्या जास्त भरल्या तर ट्रॅक्टर कण्हत का होईना कारखान्यापर्यंत जातो, पण भार कमानीपेक्षा वीतभर उंच झाला तर कितीही हळू चालवा, अडकणारच. पॅनेल बॅटरीला जोडलेलं असो वा नसो, बॅटरी भरलेली असो वा रिकामी, ऊन पडलं की पॅनेलचं व्होल्टेज कंट्रोलरच्या टर्मिनलवर येऊन उभं राहतं. कंट्रोलर करंट नाकारू शकतो, व्होल्टेज नाकारू शकत नाही. आतले मॉस्फेट (उघडझाप करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि कपॅसिटर ज्या व्होल्टेजसाठी निवडलेले असतात त्याच्यावर गेलं की मॉस्फेट आतून शॉर्ट होतो. नशीब असेल तर कंट्रोलरच मेला असं होतं. नशीब नसेल तर पॅनेल थेट बॅटरीला जोडली जातात. काही कंट्रोलर "इनपुट व्होल्टेज जास्त" अशी सूचना दाखवून चार्जिंग थांबवतात, पण ते नुसतं ओरडणं आहे. थांबवल्यावर तर पॅनेल पूर्ण ओपन सर्किटला जातं, म्हणजे व्होल्टेज आणखीच वर. शिवाय बऱ्याच कंट्रोलरच्या मेमरीत दिवसाचं कमाल व्होल्टेज नोंदलेलं राहतं. वॉरंटीला पाठवलं की पहिल्यांदा तेच वाचतात.

हे झालं वरच्या टोकाचं. खालचं टोक लोक विसरतात. एमपीपीटी कंट्रोलर व्होल्टेज उतरवतो, चढवत नाही. त्याला चार्जिंग सुरू करायला पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा काही व्होल्ट जास्त लागतं. कित्येक मॉडेलला सुरुवातीला ५ व्होल्ट जास्त आणि नंतर चालू राहायला १ व्होल्ट जास्त अशी अट असते, तुमच्या पुस्तिकेत बघून घ्या. २४ व्होल्टची लेड-ॲसिड बँक भरताना २८.८ व्होल्टपर्यंत जाते. म्हणजे तापलेल्या दुपारीसुद्धा पॅनेलकडून कंट्रोलरच्या टर्मिनलवर ३०च्या वर, शक्यतो ३४ च्या आसपास व्होल्टेज पोचायला हवं.

खालच्या टोकाचा हिशोब व्हीओसीनं करायचा नाही, व्हीएमपीनं करायचा. जास्तीत जास्त वॅट मिळतात त्या क्षणीचं हे व्होल्टेज. ५४० वॅटच्या पॅनेलवर ते ४१.६ च्या आसपास छापलेलं असतं. एप्रिल-मे मध्ये हवा ३७-३८ अंशांवर असते तेव्हा पत्र्यावर टेकवून बसवलेल्या पॅनेलचा सेल ६५-७० अंशांपर्यंत तापतो. व्हीएमपी तापमानाला व्हीओसीपेक्षा जास्त हळवं असतं, दर अंशाला ०.३५ टक्के धरा. ४० अंशांचा फरक म्हणजे १४ टक्के घट. ४१.६ चे उरले ३६ च्या आत-बाहेर.

म्हणजे वायरिंग ठरवताना माझ्याकडं दोन आकडे असतात: थंड सकाळीचं जास्तीत जास्त व्हीओसी, जे कंट्रोलरच्या मर्यादेखाली राहिलं पाहिजे, आणि तापलेल्या दुपारचं कमीत कमी व्हीएमपी, जे बॅटरीच्या वर राहिलं पाहिजे. तुमची दोन पॅनेल सिरीजमध्ये पहिली अट मोडतात. एकेक पॅनेल पॅरललमध्ये पहिली अट सहज पाळतं, ५२ व्होल्ट कुठं आणि १०० कुठं. दुसरीही पाळतं, ३६ विरुद्ध २८.८. पण तिथं हातात जेमतेम सात व्होल्ट आहेत, आणि ते केबल खाऊ शकते.

बॅटरी ४८ व्होल्टची असती तर मी हे उत्तर दिलं नसतं. ४८ ची बँक भरताना साडेसत्तावन्न व्होल्टला जाते, तिथं एकेकटं पॅनेल कधीच पुरणार नाही. मग दोन सिरीजमध्ये घ्यायलाच लागतात आणि कंट्रोलर १५० व्होल्टचा लागतो. उलट बॅटरी १२ व्होल्टची असती तर एकच ५४० चं पॅनेल पुरे, कारण १२ व्होल्टला ५० अँपिअर म्हणजे फार तर ७०० वॅट. तुम्ही बॅटरी २४ ची सांगितलीत म्हणून पॅरलल.

तीन पॅरललमध्ये केली की व्होल्टेजची काळजी गेली आणि करंटची आली. एका पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोकं थेट जोडली तर वाहणारा) साधारण १३.८५ अँपिअर, तिन्हींचा मिळून ४१.५. कंट्रोलरच्या पुस्तिकेत इनपुटच्या शॉर्ट सर्किट करंटची वेगळी मर्यादा दिलेली असते, ती ५० च्या आउटपुटपेक्षा निराळी. ४२ त्यात बसतात का हे आधी वाचा. ५० अँपिअरच्या बऱ्याच चांगल्या कंट्रोलरमध्ये बसतात. ३० अँपिअरचा असता तर शंका घेतली असती.

आता केबल. पॅनेल गोठ्याच्या पत्र्यावर आणि कंट्रोलर घरात, अंतर २० मीटर धरू. जाऊन-येऊन ४० मीटर तांबं. दुकानात मिळणारी ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल मीटरला साधारण ५ मिलिओहमची, म्हणजे ४० मीटरला ०.२ ओहम. पॅनेलजवळच तिन्ही एकत्र करून त्या एका जोडीतून, चालू असताना प्रत्येकी १३ प्रमाणे, ३९ अँपिअर आणलेत तर ७.८ व्होल्ट वाटेतच गेले. एक म्हणजे ३०० वॅट केबल तापवण्यात वाया, अर्ध्या पॅनेलहून जास्त. दुसरं म्हणजे ३६ मधून ७.८ गेले की उरले २८, आणि बॅटरीला हवेत २८.८. मग तक्रार येते की सकाळी बरं चार्जिंग होतंय, ऐन दुपारी कमी होतंय, कंट्रोलर खराब दिलाय. कंट्रोलर बरोबर असतो.

यावर माझा आवडता उपाय साधा आहे. तीन पॅनेलच्या तीन वेगळ्या जोड्या, ४ चौरस मिलिमीटरच्याच, थेट कंट्रोलरजवळच्या डब्यापर्यंत आणायच्या आणि तिथं एकत्र करायच्या. प्रत्येक जोडीत १३ अँपिअर, घट २.६ व्होल्ट. ४ चौरस मिलिमीटरची केबल कुठंही मिळते, वायरमनला वळवायला सोपी पडते, आणि उद्या एखाद्या पॅनेलचा बिघाड शोधायचा झाला तर छपरावर न चढता खाली उभं राहून एकेक वेगळं करून मोजता येतं. दुसरा मार्ग म्हणजे पॅनेलजवळ डबा बसवून तिथून १६ चौरस मिलिमीटरची एकच जोडी आणणं. त्यात घट आणखी कमी, दोन व्होल्टच्या आत. पण ती केबल महाग, जड, आणि कंट्रोलरच्या टर्मिनलात कधीकधी मावत नाही. अंतर ३० मीटरच्या वर असेल तरच मी तिकडं वळेन. अंतर ५-७ मीटर असेल तर यातलं काहीच मनाला लावून घेऊ नका, कंट्रोलरच पॅनेलच्या जवळ घ्या. फक्त भिंतीवर छातीच्या उंचीवर बसवा. २०१९ आणि २०२१ चा पूर आपल्याकडं सगळ्यांनीच बघितलाय.

तीन पॅनेल पॅरललमध्ये असली की प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज हवा. दोन असतील तर लागत नाही, तीन झाली की लागतो. त्याचं कारण असं: एका पॅनेलमध्ये शॉर्ट झालं तर बाकीची दोन मिळून २७.७ अँपिअर त्याच्यात उलटे ढकलतात. पॅनेलच्या लेबलवर "मॅक्सिमम सिरीज फ्यूज" म्हणून आकडा असतो, या आकाराच्या पॅनेलला बहुधा २५. म्हणजे २७.७ त्याच्या वर गेले. लेबलवर जो आकडा असेल त्याच्या आतला, सोलरसाठीचा डीसी फ्यूज प्रत्येक धन तारेत, एकत्र करण्याच्या जागी बसवा. उलटा करंट तिथूनच येतो, म्हणून फ्यूजही तिथंच. पुढं एकत्र झालेल्या तारेवर ६३ अँपिअरचा डीसी एमसीबी. घरातल्या बोर्डावरचा एसी एमसीबी घेऊन भागवू नका. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसीची विझत नाही, एमसीबीच्या पोटात जळत राहते. हा एमसीबी खरेदी करताना दुकानात दोन वेळा विचारा आणि तिसऱ्यांदा स्वतः वाचा.

आता तुमच्या मनात आलेलं एक विचारून टाकतो: दोन सिरीजमध्ये आणि तिसरं त्यांना पॅरलल, असं चालेल का? नाही. सिरीजची जोडी ८३ व्होल्टला काम करू पाहते, एकटं पॅनेल ४१ ला. एकत्र बांधली की सगळा समूह ५० च्या खाली ओढला जातो, जोडीचा निम्मा जोर फुकट जातो, आणि भार नसेल तेव्हा जोडीचा करंट तिसऱ्या पॅनेलमध्ये उलटा शिरतो. पॅरललमध्ये जाणाऱ्या प्रत्येक रांगेत सारखीच पॅनेल, सारख्याच संख्येनं.

कंट्रोलरचं खोकं अजून फोडलं नसेल आणि दुकानदार बदलून देत असेल तर? तरीही घाई नको. १५० चा घेतला म्हणजे तिन्ही सिरीजमध्ये बसतील असं वाटेल, आणि पुन्हा तोच सापळा: ४९.५ गुणिले ३ म्हणजे १४८.५, "बसतंय". थंडीत ते १५७ होतात. १५० मध्ये दोन सिरीजमध्ये आरामात बसतात, १०४ कुठं आणि १५० कुठं, पण मग तिसरं पॅनेल उपाशी राहतं किंवा चौथं विकत घ्यायला लागतं. चार पॅनेल म्हणजे दोन-दोनच्या दोन रांगा, २१६० वॅट. ५० अँपिअरचा कंट्रोलर २४ व्होल्टवर १४०० वॅटच्या आसपास देतो, म्हणून मग कंट्रोलर ७० अँपिअरचा, बॅटरीही तेवढी पेलणारी. खर्चाला शेवट नाही. तीन सिरीजमध्येच घ्यायची तर २५० व्होल्टचा कंट्रोलर हवा. तो तांत्रिकदृष्ट्या सुंदर आहे, एकच बारीक जोडी, १३ अँपिअर, १२५ व्होल्ट, घट दोन टक्के. पॅनेल घरापासून ५०-६० मीटरवर असती तर मी तोच घ्या म्हटलं असतं. तुमच्या भाराला, २० मीटरला, हातात असलेला १००-५० पुरतो. १६२० वॅटची पॅनेल प्रत्यक्षात दुपारी १२००-१३०० देतात, ते ५० अँपिअरमध्ये मावतात.

पॅरललचा आणखी एक फायदा तुमच्या भागात खरा आहे: सावली. शेतावर नारळ, आंबा, विजेचा खांब काही ना काही असतंच. सिरीजमध्ये एका पॅनेलवर सावली आली की पूर्ण रांगेचा करंट तरी पडतो किंवा त्या पॅनेलचा एक तृतीयांश भाग बायपास डायोडमधून वगळला जातो. पॅरललमध्ये ज्याच्यावर सावली त्याचंच नुकसान, शेजाऱ्याला तोशीस नाही.

आणखी एक खात्री आधी करा, कारण बाजारात हे फार आहे. तुमचा कंट्रोलर खरंच एमपीपीटी आहे का? स्वस्त पीडब्ल्यूएम डब्यावर एमपीपीटी छापून विकतात. पीडब्ल्यूएम म्हणजे नुसता जलद उघडझाप करणारा स्विच. तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. तुमचं ४१ व्होल्टचं पॅनेल तिथं २६-२७ व्होल्टवर चालेल, १३ अँपिअर देईल, म्हणजे ५४० मधले साडेतीनशे वॅट. त्यात दोन सिरीजमध्ये घातली तर १०८० मधलेही तेवढेच साडेतीनशे. ओळखायची युक्ती: बॅटरी थोडी उतरलेली असताना, भर उन्हात, डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरनं पॅनेलच्या तारेतला आणि बॅटरीच्या तारेतला करंट मोजा. खऱ्या एमपीपीटीत बॅटरीकडचा करंट पॅनेलकडच्यापेक्षा ठळकपणे जास्त असतो. दोन्ही सारखे आले तर डबा परत करा. साधा एसीचा क्लॅम्प मीटर यात काही दाखवणार नाही, डीसीचाच लागतो.

जोडताना क्रम सांभाळा. आधी बॅटरी कंट्रोलरला, म्हणजे त्याला २४ व्होल्टची यंत्रणा ओळखता येते, मग पॅनेल. काढताना उलटं, आधी पॅनेलचा एमसीबी खाली, मग बॅटरी. चालू भारात एमसीफोर कनेक्टर (पॅनेलच्या तारांचा जोड) ओढून काढायचा नाही, डीसीची ठिणगी हाताला भाजते आणि कनेक्टर कायमचा काळा पडतो. पॅनेलची तार कंट्रोलरमध्ये घालण्यापूर्वी प्रत्येक जोडीचं ओपन व्होल्टेज मल्टिमीटरनं मोजा आणि धन-ऋण तपासा. तिन्ही जोड्या ४५ ते ५१ च्या दरम्यान, एकमेकींपासून एखाद्या व्होल्टच्या आत यायला हव्यात. एखादी ३०-३२ दाखवत असेल तर त्या पॅनेलचा एक डायोड गेलाय. उणे चिन्ह आलं तर कनेक्टर उलटा क्रिंप झालाय, आणि पॅरललमध्ये एक उलटं जोडणं हे फ्यूज नसताना आगीचं आमंत्रण आहे.

आणि हो, जुलैच्या झडीत कंट्रोलरवर ४५ व्होल्ट दिसतील आणि बॅटरीला दोन-तीन अँपिअरच जात असतील. तेव्हा घाबरून वायरिंग उचकटू नका. ढगाळ उजेडात व्होल्टेज जवळपास टिकतं, करंट कोसळतो. पॅनेल चालतात, ऊन नसतं. तेवढे दिवस फ्रीज बंद ठेवायची तयारी असू द्या, किंवा लाईट येईल तेव्हा मेनवरून बॅटरी भरणारा चार्जर जोडून ठेवा.

नेमकी केबल आणि फ्यूज सांगायला मला चार गोष्टी कळवा: पॅनेलच्या मागच्या लेबलचा स्वच्छ फोटो, कंट्रोलरच्या बाजूच्या लेबलचा फोटो, छपरापासून कंट्रोलरपर्यंतचं दोरीनं मोजलेलं अंतर, आणि बॅटरी लेड-ॲसिड आहे की लिथियम. तोवर पॅनेल बसवून घ्यायला हरकत नाही, फक्त कनेक्टरांना टोप्या लावून ठेवा आणि सिरीजचा तो जोड उघडाच राहू द्या.